कापडाचं पान

करोल बागेत कातडं आणि कापड यांच्यात चारदोन गल्ल्यांचंच अंतर आहे. मेट्रोतून उतरून अजमल खान रोडला लागलं की दोन्ही अंगांना साड्या, सलवार-कमीजची कापडं, लग्नाचे लेहेंगे. टँक रोडवर जीन्सचा आणि तयार कपड्यांचा घाऊक बाजार. आणि याच पसाऱ्यात रैगरपुरा, चामडं कमावणाऱ्या आणि त्याच्या वस्तू करणाऱ्या रैगर समाजाची जुनी वस्ती. हा समाज मूळचा राजस्थानचा. 1911 साली राजधानी दिल्लीला आणायचं ठरलं आणि नव्या शहरासाठी माधोगंज, जयसिंगपुरा, राजा का बाजार ही गावठाणं उठवली गेली. आज तिथे कॅनॉट प्लेस आणि आसपासचा भाग आहे. उठवलेली माणसं पश्चिमेला, तेव्हाच्या खडकाळ, झुडपी माळावर आणून वसवली, तीच ही करोल बाग. फाळणीनंतर पंजाबातून निर्वासित आले आणि त्यांनी कापडाची, सोन्याची दुकानं उभी केली. सोन्याच्या मागोमाग आमच्या सांगली जिल्ह्यातले, खानापूर-आटपाडीकडचे गलाईवालेही इथे आले. सराफाच्या दुकानामागच्या अरुंद खोलीत मूस तापवून सोनं-चांदी शुद्ध करणं हा त्यांचा धंदा. दुष्काळी तालुक्यांतून निघालेली ही माणसं देशभर सराफ कट्ट्यांच्या आसपास सापडतात.

या पेठेत मी ज्या गोष्टीचा माग काढत हिंडतो ती वरवर पाहता अगदी लहान आहे. डफ, हलगी, दिमडी, खंजिरी या सगळ्यांची मांडणी एकच: एक कडं आणि त्याच्या एका तोंडावर ताणलेलं पान. पान आजवर कातड्याचं असायचं. ते कापडाचं, विणलेलं आणि रंगवलेलं, करता येईल का? येतं. ते कसं करायचं हे सांगायचंच आहे, पण त्याआधी कातड्याविषयी चार शब्द बोलल्याशिवाय कापडाला हात घालणं मला बरोबर वाटत नाही.

वाद्याचं कातडं कमावलेलं नसतं. चपलेचं, पट्ट्याचं चामडं बाभळीच्या सालीसारख्या तुरट द्रव्यात मुरवतात. त्याने ते मऊ आणि टिकाऊ होतं, पण त्याचा आवाज जातो. हलगीला लागतं ते कच्चं, केस आणि मांस खरवडून काढलेलं बकऱ्याचं कातडं. ते भिजवून ओलं असतानाच कड्यावर ओढायचं, वाळताना ते आपसूक आवळतं. कुठे किती ओढायचं, पाठीकडचा जाड भाग कुठे आणि पोटाकडचा पातळ भाग कुठे येऊ द्यायचा, हे बोटांनी कळतं. हे ज्ञान महाराष्ट्रात ज्या हातांत राहिलं त्या हातांना गावाने शिवून घेतलं नाही. मेलेलं जनावर ओढणं, कातडं सोलणं आणि त्याच कातड्याची हलगी गावाच्या कार्यात वाजवणं ही कामं महार, मातंग समाजांच्या गळ्यात बांधलेली होती. मिरवणुकीत हलगी सगळ्यांत पुढे असायची, पण ती वाजवणारा देवळाच्या पायरीखालीच थांबायचा.

19 आणि 20 मार्च 1927 च्या महाड परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मृत जनावरांचं मांस आणि अशी हीन ठरवलेली कामं सोडून द्यायला सांगितलं. पुढच्या काळात पुष्कळांनी कातड्याबरोबर वाद्यही खाली ठेवलं, आणि ते अगदी समजण्यासारखं होतं. काहींनी मात्र तेच वाद्य उचलून गावकीतून बाहेर आणलं. सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावचे, मातंग कुटुंबात जन्मलेले अण्णाभाऊ साठे, त्यांच्याबरोबर अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी 1944 मध्ये लाल बावटा कलापथक उभं केलं आणि शाहिराचा डफ गिरणगावातल्या कामगार मैदानांवर कडाडू लागला. कापड गिरण्यांच्या सावलीत कातड्याचा डफ! तिकडे विदर्भात तुकडोजी महाराजांच्या हातातल्या खंजिरीने गावंच्या गावं जागी केली. वाद्य तेच आणि कातडंही तेच, पण वाजवणारा आता कोणाच्या हुकमाने वाजवत नव्हता.

खंजिरीची एक वेगळी अडचण होती. दक्षिणेकडच्या कंजिऱ्याचं आणि आपल्याकडच्याही कित्येक खंजिऱ्यांचं पान घोरपडीच्या कातड्याचं असायचं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला हात लावणं गुन्हा ठरलं. कारागीर बकऱ्याकडे वळले आणि पुढे प्लास्टिककडे.

आज पुण्या-मुंबईच्या ढोल-ताशा पथकांत विचारलंत तर ‘फायबरचं पान’ हाच शब्द ऐकू येतो. कोल्हापूर-सांगलीकडच्या कुस्तीच्या मैदानात घुमक्याच्या जोडीला कडकडणाऱ्या हलगीवरही आता हेच पान दिसतं. ते पावसात सैलावत नाही, त्याला शेकोटीवर शेकावं लागत नाही आणि फुटलं तर बदलता येतं. हे पान असतं पॉलिएस्टरच्या फिल्मचं. ड्रमसाठी ते 1957 च्या सुमारास अमेरिकेत रेमो बेली आणि चिक एव्हान्स यांनी बाजारात आणलं. पण या द्रव्याची जन्मकथा त्याहून जुनी आहे आणि ती कापडाच्या घरातली आहे. 1941 साली जॉन व्हिनफील्ड आणि जेम्स डिक्सन या दोघांनी इंग्लंडमध्ये पॉलिएस्टरचं हे बहुवारिक शोधलं, ते मँचेस्टरच्या कॅलिको प्रिंटर्स असोसिएशनच्या प्रयोगशाळेत. ही छापील सुती कापड करणाऱ्यांची कंपनी. त्यातून निघालेला धागा म्हणजे टेरिलीन, आपल्या टेरिकॉटमधला टेरि. तेच द्रव्य धाग्याऐवजी पातळ पत्र्यासारखं ओढलं की ड्रमचं पान होतं. म्हणजे टँक रोडवरचा पॉलिएस्टरचा शर्ट आणि हलगीचं फायबर पान हे रसायनाच्या नात्याने सख्खे भाऊ आहेत.

विणलेलं पानही आता नवं राहिलेलं नाही. 1965 मध्ये ड्यूपाँट कंपनीत स्टेफनी क्वोलेक यांनी केलेल्या संशोधनातून केव्हलार हा अतिबळकट धागा निघाला, त्याची घट्ट विणलेली पानं 1980 च्या दशकापासून लष्करी आणि संचलनाच्या बँडमधल्या स्नेअर ड्रमवर चढली. तो ताण सुताला झेपणार नाही. पण दिमडीला किंवा डफाला तेवढा ताण लागतही नाही. हाताने वाजवायच्या वाद्याला साधं सूत पुरतं, फक्त त्याच्या स्वभावाप्रमाणे वागावं लागतं.

सुताचा स्वभाव म्हणजे उभे-आडवे धागे. साधं पॉपलीन घ्या आणि उभ्या धाग्याच्या दिशेने ओढा, ते हटत नाही. आडवं ओढा, थोडं सुटतं. आता कोपऱ्याकडून, तिरकस ओढा: कापड लगेच लांबतं आणि चौकोनाचा पतंग होतो. शिवणकाम करणाऱ्या प्रत्येकीला हे ठाऊक असतं. गोल कड्यावर एकच थर चढवला तर परिघावरच्या चार जागी, जिथे तिरकस दिशा येते तिथे, पान ढिलं राहतं. कडेकडेने बोटाने टिचकी मारत गेलं की ऐकू येतं: इथे वरचा स्वर, पुढे बसका, पुन्हा वरचा. कातड्यालाही असा स्वभाव असतो, पण कापडात तो मापून आखून दिलेला असतो. म्हणून उपायही आखून करता येतो. दोन थर घ्यायचे आणि दुसरा पहिल्यावर अर्ध्या काटकोनात फिरवून लावायचा. पहिल्याची ढिली जागा दुसऱ्याची घट्ट जागा सावरते.

कापड निवडताना मी आवर्जून चौकड्याचं घेतो, तेही सूत आधी रंगवून मग विणलेलं. छापील चौकडी कामाची नाही, कारण ती विणीशी सरळ असेलच असं नसतं. रंगीत सुताची चौकडी म्हणजे पानावर आयता आखलेला आलेख. एखाद्या जागी जास्त ओढलं गेलं की तिथली रेघ कड्याकडे वाकते. सगळ्या रेघा सरळ आणि कोपरे काटकोनात असतील तर ताण सारखा आहे, कानाला विचारायच्या आधी डोळ्यांनी कळतं. कातड्यावर काम करणाऱ्याला बोटं तयार करायला वर्षं लागतात. नवशिक्याला ही रेघ पहिल्याच दिवशी चूक दाखवते.

कोऱ्या कापडातली गिरणीची कांजी कढत पाण्याने धुऊन काढावी, नाहीतर पुढचा लेप आत मुरत नाही. कड्याची वरची धार काचकागदाने गोलसर करावी, नाहीतर धागे तिथेच कापले जातात. कापड ओलसर असताना कड्यावर टाकायचं आणि समोरासमोर ओढत जायचं: उत्तर-दक्षिण, पूर्व-पश्चिम, मग मधल्या दिशा. एका बाजूने सुरू करून गोल फिरत गेलं तर शेवटच्या टोकाला सगळा ताण आणि सगळ्या चुण्या जमा होतात. करोल बागेतल्या लेहेंग्यांवर दिसते तशी जरदोजी करणारे कारागीर सुई लावण्याआधी कापड लाकडी अड्ड्यावर असंच ताणून घेतात. अड्ड्यावरच्या कापडावर बोट वाजवून पाहा, तो एक चौकोनी डफच असतो. पोर्तुगालमध्ये अदुफ नावाचं खरोखरचं चौकोनी वाद्य आहे. ते पिढ्यान्पिढ्या बायका वाजवत आल्या आहेत आणि त्याच्या शिवणीवर रंगीत फिती आणि गोंडे लावतात. त्याची पानं कातड्याचीच असतात, पण सजावट सगळी कापडाची.

आता लेप. नुसतं ताणलेलं सुती कापड ‘फट’ असा कोरडा, आखूड आवाज देतं, कारण धाग्यांच्या मधल्या भोकांतून हवा निसटते. भोकं बुजवली की नाद उभा राहतो. इथे आपल्याकडचा सगळ्यांत ओळखीचा लेप म्हणजे चिंचोक्याची खळ. सणगर घोंगडी विणताना लोकरीच्या ताण्याला हीच खळ देतात आणि घोंगडीला तो करकरीत ताठरपणा येतो. पानावर ही खळ छान ताठते, पण एकटी वापरली तर ठिसूळ होते आणि जोरात थाप पडली की तडकते. पांढरा फेविकॉल पातळ करून लावला तर पान तडकत नाही, मात्र वाळूनही तो थोडा रबरी राहतो आणि आवाज गिळतो. लहान मुलांच्या वाद्याला तो ठीक आहे. नादासाठी उत्तम ठरतो तो सुतारी सरस. कोमट पाण्यात विरघळवून पातळ हात फिरवला की कापड आधी लोंबतं आणि करणाऱ्याचा जीव खाली-वर होतो. मग वाळताना ते हळूहळू वर येतं आणि अशी ओढ धरतं की कडं हलकं असेल तर वाकेल. युरोपातले चित्रकार कॅनव्हास सरसानेच ताठवत आले. पहिल्या महायुद्धातल्या विमानांचे पंख लिननच्या कापडाचे असत आणि त्यांवर एक रासायनिक लेप देऊन ते असेच आवळून घेत. सरसावर व्हार्निशचा एक पातळ हात दिला की दमटपणा आत कमी शिरतो.

इथे एक गोष्ट लपवून चालणार नाही. सुतारी सरस हा जनावरांची कातडी आणि हाडं उकळूनच काढतात. म्हणजे कातडं पानावरून गेलं तरी लेपातून परत आलं. ज्याला प्राण्याचं काहीच नको असेल त्याने खळ आणि वर व्हार्निश असा मार्ग धरावा, आवाज थोडा उणा येईल.

लेपाचे हात किती द्यायचे याला मर्यादा आहे आणि ती गणिताची आहे. पानाचा स्वर ताण वाढला की चढतो, वजन वाढलं की उतरतो, आणि दोन्ही वर्गमुळाच्या हिशेबाने. दर चौरस मीटरचं वजन चौपट झालं आणि ताण तेवढाच राहिला तर स्वर एक सप्तक खाली जातो. चांगल्या पॉपलीनचं वजन चौरस मीटरला साधारण 100 ते 120 ग्रॅम भरतं. पाव मिलिमीटर जाडीच्या पॉलिएस्टर फिल्मचं 350 ग्रॅमच्या आसपास, आणि अर्धा मिलिमीटर जाड कातड्याचं त्याहूनही बरंच जास्त. म्हणजे दोन थर आणि लेप धरूनही कापडाला जागा उरते. प्रत्येक हात आधी ताण वाढवतो म्हणून आवाज उघडतो, मग एका टप्प्यानंतर नुसतं वजन वाढतं आणि आवाज बसतो. तो टप्पा ऐकून थांबणं हेच कौशल्य.

डफाचा नाद तबल्यासारखा सुरेल का होत नाही, याचं उत्तरही पानातच आहे. सगळीकडे सारख्या जाडीच्या गोल पानाचा दुसरा स्वर मूळ स्वराच्या दुप्पट न येता 1.59 पट येतो आणि पुढचे स्वरही असेच आडमार्गाने जातात. मृदंग-तबल्याच्या शाईने हे स्वर कसे पूर्णांकांच्या ओळीत बसतात ते सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी 1920 मध्ये सहकाऱ्याबरोबर ‘नेचर’मध्ये मांडलं. डफाला शाई नसते. त्याचा कडकडाट मैदानाच्या दुसऱ्या टोकाला लोकांना वळून बघायला लावतो, आणि शाहिराला हवं होतं तेही हेच.

रंगाचं कोणी फारसं बोलत नाही, पण रंगाने आवाज बदलतो. सुताच्या आत मुरणारा रंग, मग तो नीळ असो, तुरटी देऊन चढवलेली मंजिष्ठा असो किंवा 1956 पासून बाजारात आलेले आणि सुताशी रासायनिक बंध बांधणारे रिॲक्टिव्ह रंग असोत, कापडाचं वजन जवळपास वाढवत नाही. पिगमेंटची छपाई मात्र गोंदासारख्या द्रव्याच्या साहाय्याने कापडावर बसते. तिथे आधीच एक थर झालेला असतो आणि तोही सगळीकडे सारखा नसतो. मोठ्या ठसठशीत फुलाचं छापील कापड लावलं तर फुलावर एक आवाज आणि पाकळीबाहेर दुसरा. रंग ताणण्याआधी चढवावा आणि पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवावा, कारण सरसाच्या ओलाव्यात उरलेला रंग पसरतो.

आपल्याकडच्या कापडांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. इचलकरंजीचं घट्ट पॉपलीन पानाला सर्वांत चांगलं. सोलापुरी चादर देखणी, पण तिच्या नक्षीत धागे लांब तरंगतात आणि ताण घेत नाहीत, शिवाय ती जड. खणाचा मोह सगळ्यांना होतो. तो पानावर लावू नये, कड्याला बाहेरून पट्टी म्हणून गुंडाळावा. तिथे खिळ्यांची टोकंही झाकली जातात आणि काठ मिरवायला जागाही मिळते.

दिल्लीच्या हवेत कातड्याच्या वाद्याची परीक्षा असते. मे-जूनमध्ये लू सुटते तेव्हा पान इतकं आवळतं की रात्रीतून फाटावं. जुलैमध्ये तेच पान ओल्या पापडासारखं होतं. सुती धागा नेहमीच्या हवेत आपल्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के पाणी धरून असतो, पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा धरत नाही. त्यामुळे सुती पान या दोघांच्या मधलं: फिल्मइतकं निर्विकार नाही आणि कातड्याइतकं लहरीही नाही. पावसाळ्यात सरसाचं पान सैल पडलंच तर हेअर ड्रायर पुरतो, पण लांबून.

असं पान कोणाला हवं आहे, तेही दिल्लीतच दिसतं. करोल बागेनंतर मेट्रोचं तिसरं स्टेशन शादीपूर. तिथल्या शादी खामपुरात 2012 पासून जन नाट्य मंचाचं स्टुडिओ सफदर आहे. 1973 साली सुरू झालेल्या या मंडळीने दिल्लीच्या कारखान्यांबाहेर आणि चौकांत पथनाट्यं केली. 1 जानेवारी 1989 रोजी साहिबाबादजवळ झंडापूर इथे नाटक सुरू असताना मंचाच्याच सफदर हाश्मींवर हल्ला झाला आणि दुसऱ्या दिवशी ते गेले. पथनाट्याला पडदा नसतो, घंटा नसते, डफलीवर थाप पडली की लोक जमतात. जंतरमंतरवरच्या मोर्च्यांपासून महाविद्यालयांच्या फाटकांपर्यंत दिल्लीच्या रस्त्यावरचं वाद्य डफलीच आहे. विद्यार्थ्यांना स्वस्त, हलकं, स्वतः करता येण्याजोगं वाद्य हवं असतं. कापडाच्या पानाची खरी गरज मला इथे आणि शाळांत दिसते.

मात्र या वाद्याची जाहिरात ‘शुद्ध शाकाहारी डफ’ अशी कोणी करू नये, असं मी कळकळीने सांगतो. प्राण्याच्या कळवळ्याने कातडं टाळणाऱ्याबद्दल मला आदर आहे. पण ‘शुद्ध’ हा शब्द या देशात कातड्याच्या शेजारी ठेवला की तो जनावरापाशी थांबत नाही, माणसापर्यंत जातो. ज्यांनी विटाळ सोसून पान ताणण्याची विद्या जपली, त्यांचीच विद्या कापडावर उचलायची आणि वर आपण स्वच्छ म्हणून मिरवायचं, हा दुहेरी अन्याय होईल. समोरासमोर ओढण्याची रीत, ओलं असताना ताणून वाळताना आवळू देणं, धार गोल करणं, टिचकीने कडेकडेचा स्वर जुळवणं, हे सगळं कातड्यावर काम करणाऱ्या हातांचंच देणं आहे. चौकड्याची युक्ती तेवढी कापडाची.

म्हणून माझी सूचना अगदी व्यवहाराची आहे. पहाडगंजला नूतन मराठी विद्यालय आहे, तिथेच बृहन्महाराष्ट्र भवन आहे, आणि करोल बागेपासून दोन्ही जवळ. दिवाळीच्या सुट्टीत मुलांसाठी आकाशकंदिलाची कार्यशाळा होते तशी एक डफाची व्हावी. कापड अजमल खान रोडवरून आणावं, कडी सुताराकडून वाकवून घ्यावीत. शिकवायला सांगली-कोल्हापूरकडचा हलगी बांधणारा कारागीर बोलवावा, आणि त्याच्याबरोबर इथला कातड्याची वाद्यं मढवणारा एखादा. दोघांचं नाव पत्रिकेवर पाहुण्यांच्या ओळीत छापावं आणि प्रवासखर्च वेगळा ठेवून एखाद्या तबलावादकाला देतो तेवढं मानधन द्यावं. मुलांनी पहिलं पान कातड्याचं ताणून पाहावं, दुसरं कापडाचं, आणि दोन्हींवर टिचकी मारून कुठे सैल राहिलं ते त्या कारागिरालाच विचारावं.